अडीचचा फोन

नेरुळ, सेक्टर सहा. सिडकोच्या दीड खोलीत
एक टेबल, एक जुनं ३८६, आणि मॉडेम,
तापू नये म्हणून फरशीच्या दोन तुकड्यांवर ठेवलेला.
दिवसा फोन घरचा: आईचा, मावशीचा, गॅसवाल्याचा.
रात्री अडीचला तो आमचा.

आमचा म्हणजे कुणाचा, ते नीट सांगता यायचं नाही.
नौपाड्यात चौबळ, बेलापूरला हेमांगी पोतनीस,
तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमधला अन्वर मुकादम,
आणि पुण्यात एक जण,
एसटीडीचे दर उतरले की गाठायचा, वर्गणी काढून.
मालक नाही. मुख्य कचेरी नाही.
एकाचं यंत्र दुसऱ्याचं दार वाजवायचं:
माझ्याकडचं यातलं तू काय पाहिलेलं नाहीस?
तेवढंच द्यायचं, तेवढंच घ्यायचं,
पहाटेपर्यंत सगळं सगळ्यांकडे.
पत्राच्या पाठीवर वाटेतल्या घरांची नावं,
नाहीतर लग्नातल्या ब्लाउजपीससारखं
फिरत फिरत पुन्हा आपल्याच दारात.

उत्तर आधी यायचं, प्रश्न दोन दिवसांनी.
एकदा चौबळनं अन्वरला रागात काहीबाही लिहिलं,
मग मागे घेतलं.
माफी तुर्भ्याला पोचली तेव्हा
शिवी अजून पुण्यातच होती.

नंबरांची यादी मी करायचो, दर शुक्रवारी.
त्या शुक्रवारी एका आकड्यावर बोट घसरलं.
यंत्रांना शंका येत नसते.
नौपाडा गप्प झाला. आम्ही म्हटलं, चौबळ रुसला.
हेमांगीनं त्याची समजूत काढणारं लांबलचक पत्र लिहिलं,
ते अर्थात त्याला मिळालं नाही.
दहाव्या दिवशी तो स्वतःच बसनं आला,
हातात यादीचा कागद, लाल पेनानं गोल केलेला पाच.

तो पाच कोपरीत राहत होता.
खारी बिस्किटांचा पुडा घेऊन मी गेलो.
तुळाजी सकट. मनोरुग्णालयात एकतीस वर्षं रात्रपाळी,
आता रिटायर, पण झोप रिटायर होत नाही म्हणाले.
मी पायातली चप्पल न काढताच माफी मागायला लागलो.

"म्हणजे तुमचं होतं ते?
शीळ घालायचं, मग किंचाळायचं.
मला वाटलं आमच्याच वॉर्डातला कुणी,
नंबर शोधून बसलाय."

मग तुम्ही काय करायचात?

"काय करणार? रात्री कुणी ओरडलं की आधी ओ द्यायची.
कशाला ओरडला ते सकाळी विचारायचं.
म्हणायचो, आहे रे. इथंच आहे. झोप आता.
थोड्या वेळानं गप व्हायचं बिचारं."

मी सांगितलं, ते यंत्र फक्त दोन गोष्टी विचारतं:
कोण आहे पलीकडे?
आणि किती वेगानं बोलू?

त्यांनी खारी चहात बुडवली, तुटून पडली, चमच्यानं काढली.
"हळू म्हणायला हवं होतं मग," ते म्हणाले.

घरी येऊन यादी दुरुस्त केली.
पण दुरुस्तीसुद्धा त्याच वाटेनं जाते, दारं वाजवत,
आणि पुण्याची लाइन त्या आठवड्यात खराब होती,
आमचं काही तिकडे पोचत नव्हतं.
पुण्याहून मात्र लागत होता फोन,
आणखी चार रात्री, कोपरीला.
थांबवायचं कुणाला सांगून? वर कुणी नव्हतंच.

चौबळनं आता पुढच्याच वर्षी संगणक विकला.
आता म्हणजे, तेव्हा. एकेक घर गळत गेलं,
आणि एकाही घराच्या जाण्यानं
जाळं बंद पडलं असं म्हणता येईना,
शेवटी माझंच यंत्र रात्री कुणाला विचारायचं ते उरलं नाही.

पत्रं कुठे गेली, ठाऊक नाही.
एक कागद आहे. त्या नऊ रात्रींची नोंद,
डॉट-मॅट्रिक्सवर छापलेली, कडेला भोकं असलेली.
नऊही ओळी सारख्याच:

०२:३१. फोन उचलला. माणसाचा आवाज.
यंत्र नाही.